पाळलेला साप खात नाही तेव्हा काय करावं

चिमट्यात धरलेल्या कोमट उंदरासमोर साप येतो. जीभ दोन-चारदा आत-बाहेर होते, मान जरा आखडते, आता झेप घेणार असं वाटतं. आणि मग तो सावकाश डोकं वळवतो आणि लपणीत निघून जातो. पहिल्या वेळी आपण म्हणतो, असेल पोट भरलेलं. तिसऱ्या आठवड्यात झोप उडते. पाचव्या आठवड्यात माणूस दिसेल तो उपाय करायला लागतो, आणि खरं नुकसान बहुतेक वेळा तिथे सुरू होतं.

हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने चढा. खाणं बदलून पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण खाण्याची पायरी इथे बरीच खाली आहे आणि ती मुद्दाम तिथे ठेवली आहे. न खाणाऱ्या सापाची तक्रार बहुतेक वेळा उंदराबद्दल नसते, तो राहतो त्या पेटीबद्दल असते.

आधी जीव भांड्यात पडू द्या

आपण आणि कुत्री-मांजरं जे खातो त्यातला मोठा वाटा नुसतं अंग गरम ठेवण्यात जळतो. साप ती ऊब बाहेरून घेतो, त्यामुळे त्याचा खर्च फार कमी असतो. अजगराच्या जातीत तर याहून पुढची सोय आहे: दोन जेवणांमधल्या काळात आतडं आकसतं, पचनाचं काम जवळजवळ बंद होतं, आणि भक्ष्य पोटात गेल्यावर आतडं, यकृत पुन्हा वाढून कामाला लागतं. म्हणून वयात आलेला, धष्टपुष्ट बॉल पायथन दोन-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त काळ उंदराकडे ढुंकूनही बघत नाही आणि तरी ठणठणीत असतो.

पण हा दिलासा सगळ्यांना सारखा लागू नाही. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, ज्याच्या अंगावर काहीच साठा नाही, ते इतकं थांबू शकत नाही. कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक एरवी खादाड असतात, त्यांनी लागोपाठ तीन-चार वेळा नाकारलं तर मी बॉल पायथनपेक्षा लवकर कान टवकारतो. सापाची जात, वय आणि अंगाची भर या तीन गोष्टींवर घाई किती करायची ते ठरतं.

पहिली पायरी: वजनकाटा आणि वही

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. झाकणाचा हलका डबा त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, सापाला डब्यात ठेवा, आकडा लिहून घ्या. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी. हातात धरून अंदाज करू नका. काळजीत असताना साप रोज हलका लागतो.

आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. विष्ठा टाकल्यावर वजन एकदम उतरतं आणि पोटभर पाणी प्यायल्यावर चढतं. त्यामुळे एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नका, चार आठवड्यांची ओळ बघा. उपास सुरू होण्याआधी 1,240 ग्रॅम असलेला साप दोन महिन्यांनी 1,205 वर असेल तर तो फक्त उपास करतोय. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे या सापाच्या बाबतीत 1,116 च्या खाली गेलं, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. पिल्लाच्या बाबतीत इतकी वाट बघायची नसते.

काट्याबरोबर डोळ्यांनीही तपासा. पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय का? कुशीच्या कातडीला लांबट सुरकुत्या पडतात का? चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहते का? पहिली खूण रोडावल्याची आहे, उरलेल्या दोन बहुधा पाणी कमी पडल्याच्या.

वहीत तारीख, वजन, काय दिलं, घेतलं की नाही, कात कधी टाकली, विष्ठा कधी टाकली, एवढं लिहा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

दुसरी पायरी: कारण सरळ समोर तर नाही ना?

डोळे दुधाळ निळसर झालेत, रंग मळकट झालाय, पोटाकडे गुलाबी झाक आहे? साप कात टाकायच्या बेतात आहे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, अंग हुळहुळं असतं, आणि बरेच साप तोंडही उघडत नाहीत. कात पूर्ण निघेपर्यंत, साधारण आठवडा-दोन आठवडे, काही देऊच नका. कात निघाल्यावर मात्र भूक बऱ्याचदा चांगली असते, ती संधी सोडू नका.

साप नुकताच घरी आणलाय? मग त्याच्यासाठी वास, आवाज, उजेड, सगळं परकं आहे. नर आहे आणि विणीचा काळ आहे? प्रौढ नर या काळात महिनोन्महिने खाणं सोडतात. मादीच्या पोटात अंडी असली तरी तेच. लहानपणी दर आठवड्याला खाणारा साप मोठा झाला की त्याची वाढ मंदावते, आणि दर आठवड्याला उंदीर त्याला नकोसा होतो. पुष्कळ प्रौढ बॉल पायथन दोन ते चार आठवड्यांनी एकदा खाऊन उत्तम राहतात. इथे चूक सापाची नसते, आपलं वेळापत्रक जुनं झालेलं असतं.

रानातून पकडून आणलेला साप असेल तर गोष्ट वेगळी. तसे साप बंदिवासात बऱ्याचदा हाय खातात, गोठवलेला उंदीर ओळखतच नाहीत, अंगात परजीवीही असू शकतात. साप घ्यायचाच असेल तर कायद्याने पाळता येणारा, बंदिवासातच जन्मलेला घ्या, आणि घेण्याआधी तो काय खातो, किती दिवसांनी खातो, मेलेलं भक्ष्य घेतो का, हे विचारून घ्या.

तिसरी पायरी: पेटी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

सापाला पचनासाठी बाहेरची ऊब लागते. ऊब पुरेशी नसेल तर पोटात गेलेला उंदीर पचण्याआधी सडू शकतो, आणि गारठलेल्या सापाचं अंग ते ओळखून खाणंच नाकारतं. बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि गार टोकाला 25 ते 27 अंश लागतात. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला 28 ते 30 आणि गार टोकाला 21 ते 24. दोन टोकांत फरक हवाच, म्हणजे साप आपल्याला हवी तेवढी ऊब सरकून घेतो.

आता माझी चूक सांगतो. माझा बॉल पायथन, भुऱ्या, एका हिवाळ्यात खाईना. नर होता, दिवस थंडीचे होते, मी म्हटलं विणीचा उपास असेल. थर्मोस्टॅटवर, म्हणजे पेटीची ऊब ठरावीक अंशांवर ठेवणाऱ्या यंत्रावर, 32 चा आकडा रोज झळकत होता, त्यामुळे उबेची शंकाही आली नाही. अकरा आठवडे गेले. एके दिवशी पाण्याचं भांडं उचलताना हात सहज लपणीच्या तळाला लागला, आणि तो तळ गार होता. उपास सुरू होण्याच्या सुमारास मी पेटीतला नारळाचा भुसा बदलला होता आणि नवा भुसा चांगला चार बोटं जाड पसरला होता. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार त्या थराच्या खाली, हीट मॅटला, म्हणजे पेटीच्या तळाशी ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला चिकटून होती. तारेला 32 अंश लागत होते, आणि भुऱ्या ज्या पृष्ठभागावर बसत होता तिथे होते 26. थर बोटभर केला, तार सापाच्या पातळीला आणून पक्की बसवली. दोन आठवड्यांनी त्याने पहिल्याच झेपेत उंदीर घेतला. अकरा आठवडे तो मला एकच गोष्ट सांगत होता आणि मी तिचा अर्थ कॅलेंडरमध्ये शोधत होतो.

म्हणून मोजमाप सापाच्या अंगाच्या पातळीवर करा. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतात, तेही अंदाजे. तारेचा डिजिटल तापमापक प्रत्येक टोकाला एक ठेवा. जमल्यास पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक घ्या. रात्री उशिरा आणि पहाटेही मोजा, कारण खोली गार झाली की पेटीही गार होते. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही वापरू नका. जाड भुशाखाली ती फार तापते, साप ऊब शोधत खाली उकरत जातो आणि पोटाला भाजून घेतो. विजेवर तापणारे उघडे खडे तर नकोतच.

उबेनंतर आडोसा. नवखे लोक साप दिसावा म्हणून लपण मोठी, उघडी ठेवतात. सापाला दगडाखालची फट हवी असते: वेटोळं घातल्यावर पाठ आणि दोन्ही कुशी भिंतींना टेकतील इतकी अरुंद, आणि आत जायला एकच तोंड. अशा दोन लपणी हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितपणा यातलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा सुरक्षितपणा निवडतो. लहान पिल्लू मोठ्या काचपेटीत ठेवलं असेल तर मोकळी जागा वाळलेली पानं, सालीचे तुकडे, कृत्रिम वेली यांनी भरा. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावा. एवढ्या एका कागदाने सुटलेले उपास मी पाहिले आहेत.

दमटपणा बॉल पायथनला साधारण 55 ते 70 टक्के, कॉर्न स्नेकला 40 ते 60. दिवसा उजेड, रात्री अंधार. चोवीस तास दिवा नको. पेटी स्पीकरपासून, सतत आपटणाऱ्या दारापासून दूर ठेवा, कारण जमिनीतले हादरे सापाला चांगले जाणवतात.

चौथी पायरी: हात लावू नका

पेटी दुरुस्त केली की लगेच उंदीर पुढे करावासा वाटतो. थांबा. नवा साप असो वा पेटी बदललेला जुना, सात ते दहा दिवस त्याला बाहेर काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. पाणी बदला, घाण उचला, वजनाच्या दिवशी वजन करा, बस. घरच्यांनाही हे सांगून ठेवा. घरातला लहान मुलगा दिवसातून दहा वेळा झाकण उघडून बघत असेल तर बाकी सगळं करूनही उपयोग होत नाही.

पाचवी पायरी: भक्ष्य देण्याची रीत

आकार आधी. सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच जाड उंदीर, त्याहून मोठा नको. उपासातल्या सापाला त्याहूनही एक आकार लहान.

गोठवलेला उंदीर पिशवीत बंद करून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी तो मऊ झालेला असतो. देण्याआधी पिशवीसकट 38 ते 40 अंशांच्या पाण्यात बुडवा, लहानाला पंधरा मिनिटं, मोठ्याला अर्धा तास, पाणी निवलं तर बदला. मग पोट बोटाने दाबून बघा. आत गार, कडक गोळी लागली तर अजून वेळ आहे. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका आणि उकळत्या पाण्यातही नको. उंदीर काही ठिकाणी शिजतो आणि पोट फुटतं. वापरायची भांडी वेगळी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा. साप आणि उंदीर दोन्हींकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो.

शेवटी उंदीर कोरडा पुसा आणि डोक्याला हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. त्याच्यासमोर डोकं सर्वांत गरम असलेलं भक्ष्य आलं की झेप तिथे, योग्य जागी बसते. खोलीच्या गारव्याला आलेला उंदीर त्याला नीट ‘दिसतच’ नाही.

वेळ संध्याकाळ उलटल्यानंतरची, खोलीतला उजेड मंद. लांब चिमट्याने उंदराला खांद्याच्या मागे धरा, लपणीच्या तोंडापासून वीतभर लांब, आणि हळू सरकवा, जणू तो वाट शोधतोय. सापाच्या नाकावर टेकवू नका, त्याच्यामागे फिरवू नका. भक्ष्य अंगावर चालून येत नसतं. नाकाला टोचणारा उंदीर सापाला शत्रू वाटतो, आणि घाबरून केलेला वार खाण्यासाठी नसतो. जीभ भराभर चालतेय, मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडलीय, नजर रोखलेली आहे, तर हात स्थिर ठेवा आणि श्वासही जपून घ्या. डोकं मागे घेतोय, फुस्स करतोय किंवा गोळा होऊन डोकं आत लपवतोय, तर आजचं संपलं.

पाच-दहा मिनिटांत घेतला नाही तर उंदीर लपणीच्या तोंडाशी ठेवा, पेटी झाका, खोलीतून बाहेर जा. लाजाळू साप रात्री एकट्याने खातात. सकाळी उरला असेल तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका.

आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा नको. पिल्लाला पाच-सहा दिवसांनी, मोठ्या सापाला सात ते दहा दिवसांनी. रोज उंदीर नाचवला तर साप चिमट्यालाच भ्यायला लागतो.

सहावी पायरी: युक्त्या, पण एका वेळी एकच

पेटी बरोबर आहे, साप निवांत आहे, वजन टिकून आहे, तरी तीन-चार वेळा नकार आला, तर आता भक्ष्य बदलून बघायला हरकत नाही. मात्र एका वेळी एकच बदल. सगळं एकदम केलं की एक ना धड, भाराभर चिंध्या. खाल्लं तरी कशामुळे खाल्लं ते कळत नाही.

मी आधी आकार लहान करतो. मग जात बदलतो: मोठ्या जातीचा उंदीर (रॅट) खात नसेल तर छोट्या जातीचा (माऊस), किंवा उलट. लहानपणी छोट्या उंदरांवर वाढलेला साप मोठ्याचा वास अन्न म्हणून ओळखत नाही, असं बऱ्याचदा होतं. त्यानंतर वास. उंदीर कोमट पाण्याने धुऊन स्वतःचा वास कमी करायचा आणि सापाच्या जातीला आवडेल तो वास चोळायचा. हॉगनोज जातीचा साप रानात बेडूक-भेकांवर जगतो, त्यामुळे त्याच्या पिल्लांना माशाचा किंवा बेडकाचा वास लागलेली पिंकी, म्हणजे बिनकेसांचं उंदराचं पिल्लू, पटते. कॉर्न स्नेकच्या हट्टी पिल्लांसाठी सरड्याचा वास चालतो. दोन-तीन जेवणांनंतर वास कमी करत बंद करा.

पिल्लांसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय अगदी साधा आहे: हवेची भोकं पाडलेला छोटा डबा, तळाला कागदी रुमाल, त्यात साप आणि कोमट पिंकी, आणि रात्रभर तो डबा पेटीच्याच उबदार टोकाला. अंधार आणि अडचण मिळाली की पिल्लं खातात. पिंकीच्या कवटीला सुईने बारीक छिद्र पाडून मेंदूचा थेंब बाहेर आणणं हीही जुनी, चालणारी युक्ती. बघायला किळसवाणी आहे, पण पिल्लू जगतं.

जिवंत उंदीर सोडावा का, हे प्रत्येकजण विचारतो. मी सोडत नाही. न खाणाऱ्या सापाच्या पेटीत रात्रभर राहिलेला उंदीर भुकेला होतो आणि सापालाच कुरतडतो. पाठीचं मांस हाडापर्यंत खाल्लेले साप डॉक्टरांकडे येतात.

डॉक्टरांकडे कधी

वजन दहा टक्क्यांहून उतरलं, किंवा पिल्लाने आल्यापासून काहीच खाल्लं नाही आणि ते रोडावतंय, तर थांबू नका. त्याशिवाय पुढची खूण दिसली तर वजन कितीही चांगलं असो, जा: तोंडाने श्वास, श्वासात घरघर, नाका-तोंडाशी फेस किंवा बुडबुडे, हिरड्या लाल, सुजलेल्या किंवा पिवळट चिकट थर आलेल्या, खाल्लेलं उलटून पडणं, अंगाच्या मधोमध गाठीसारखा फुगवटा, मान वाकडी होणं, उलटं पडल्यावर सरळ होता न येणं, पाण्याच्या भांड्यात सतत बसून राहणं आणि पाण्यात काळे ठिपके, म्हणजे बहुधा गोचिडीसारखे बारीक किडे.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधा, आणि हे आजारपणाआधीच शोधून ठेवा. जाताना वही न्या, पेटीचे आणि तापमापकांचे फोटो न्या, ताजी विष्ठा असेल तर डबीत न्या. परजीवी तिच्यातून सापडतात.

जबरदस्तीने भरवणं घरी करू नका. नळी चुकली तर श्वासनलिकेत जाते, घसा फाटतो, आणि ज्या सापाने भीतीने खाणं सोडलंय त्याची भीती दुप्पट होते. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि पहिल्यांदा हातही त्यांचाच.

खाल्लं, आता पुढे

उंदीर शेपटीसकट आत गेला, सापाने जबडा डावी-उजवीकडे ताणून जागेवर बसवला, की पेटी झाका. किमान 48 तास हात लावायचा नाही. इतके दिवस उपाशी होता म्हणून दुसरा उंदीर लगेच देऊ नका. आकसलेलं आतडं नुकतंच जागं होतंय. पहिली तीन जेवणं लहानच द्या, मग हळूहळू नेहमीच्या आकारावर या. उलटी झालीच तर दोन आठवडे काही देऊ नका, ताजं पाणी ठेवा, तापमान पुन्हा मोजा, आणि पुढचं भक्ष्य निम्म्या आकाराचं. पुन्हा उलटी झाली तर डॉक्टर.

भुऱ्याच्या वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: उबदार टोक 32, छोटा उंदीर एक, पहिल्या झेपेत घेतला, पुढचा दहा दिवसांनी.